सातपुड्याचा अपवाद

डॉ. प्रमिला रहासेने तो नकाशा पडद्यावर दाखवला तेव्हा सभागृहातल्या कोणालाच तो खरा वाटला नाही. अल्झायमरने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण दाखवणारा तो महाराष्ट्राचा नकाशा होता. प्रमाण जास्त तिथे गडद जांभळा रंग, कमी तिथे फिका. पुणे, मुंबई, नागपूर गडद होते, मराठवाडा फिकट होता आणि वायव्येच्या टोकाला, नर्मदेच्या अलीकडे, सातपुड्याच्या डोंगरांचा एक पट्टा जवळजवळ कोरा होता.

प्रमाण प्रदेशागणिक बदलतं, यात नवं काही नव्हतं. माणसं जिथे जास्त जगतात तिथे हा आजार जास्त दिसतो. मधुमेह, शिक्षण, आनुवंशिकता यांनीही फरक पडतो. पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो मृत्यूचं कारण लिहिणाऱ्या हातामुळे. अल्झायमरच्या रुग्णाला शेवटी शेवटी गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो, छातीत संसर्ग होतो. शहरातला तज्ज्ञ अशा वेळी कारण म्हणून अल्झायमर लिहितो, तालुक्याचा डॉक्टर न्यूमोनिया लिहितो आणि डॉक्टर जिथे पोचतच नाही तिथे 'वृद्धापकाळ' एवढंच लिहिलं जातं. त्यामुळे कोरा पट्टा म्हणजे नीट नोंदी नसलेला पट्टा, असंच आजवर सगळे धरून चालले होते.

प्रमिलाचं म्हणणं वेगळं होतं. ती त्याच पट्ट्यातली. कुंडबारी नावाच्या डोंगरातल्या पाड्यावर वाढलेली, वडिलांच्याच आश्रमशाळेत शिकलेली आणि आता पुण्याच्या एका मेंदूविकार संशोधन संस्थेत साथरोगतज्ज्ञ म्हणून काम करणारी. तीन वर्षं तिने पाड्यापाड्यांवर फिरून म्हाताऱ्या माणसांचे रक्ताचे नमुने घेतले होते आणि त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या केल्या होत्या. त्यातून तिला एक जनुक सापडलं होतं. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. नव्या आठवणी तिथे तयार होतात आणि अल्झायमर बहुधा तिथूनच सुरू होतो. पेशींमध्ये दूषित प्रथिनं साचतात आणि पेशी मरू लागतात. सातपुड्यातल्या बहुसंख्य माणसांत असलेल्या या जनुकामुळे मेंदूच्या त्या भागातल्या पेशी ती प्रथिनं लगेच बाहेर टाकत होत्या. ऐंशी वर्षांच्या निरक्षर बायका एकदाच ऐकवलेली गोष्ट तासाभराने जशीच्या तशी सांगत होत्या.

सभागृहात पहिल्या रांगेत संस्थेचे संचालक डॉ. केळुसकर बसले होते. त्यांनी दोन शंका विचारल्या. पहिली अशी, की या लोकांच्या रक्तातही ते प्रथिन थोडं वाढलेलं दिसतंय, ते कसं? प्रमिला म्हणाली, वाढलेलं आहे, पण लक्षणं नाहीत. म्हणजे इथे ते निरुपद्रवी आहे. दुसरी शंका अशी, की घड्याळ काढा, ठोकळा काढा या चित्रांच्या चाचण्या तिने का घेतल्या नाहीत? त्या नेहमीच्या संचात असतात.

या प्रश्नाचा प्रमिलाला थोडा रागच आला. ज्या बाईने जन्मात हातात पेन्सिल धरली नाही तिला काचेच्या टेबलाशी बसवून ठोकळा काढायला लावायचं, तो वाकडा आला की तिला मंदबुद्धी ठरवायचं, हे तिने विद्यार्थिदशेत आपल्याच माणसांच्या बाबतीत होताना पाहिलं होतं. शाळेत शिकल्याशिवाय जमत नाही ती परीक्षा आजाराची नसते, शाळेची असते, असं तिने शांतपणे सांगितलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. केळुसकरांनीही मान डोलावली. ती बरोबरच बोलत होती. पुढे कित्येकदा तिला हे आठवायचं, की त्या दिवशी आपण बरोबर बोलत होतो.

त्याच वर्षी 'शमनी' आली. वर्षातून एकदा घ्यायची ही सुई मेंदूतली दूषित प्रथिनं धुऊन काढत असे. मात्र तिची एक अट होती. पेशी मेल्यावर ती काही करू शकत नसे. ती आजार दिसायला लागण्यापूर्वी, किंवा अगदी सुरुवातीला, घ्यावी लागे. शमनी तयार व्हायची थोडी आणि हवी होती सगळ्यांना. म्हणून सरकारने जोखीम पाहून टप्पे पाडले. गडद जिल्हे आधी, फिके नंतर. सातपुड्याचा वरचा पट्टा कोणत्याच टप्प्यात बसवला गेला नाही. तिथे गरज नाही, असं समितीने प्रमिलाच्याच निबंधाचा आधार घेऊन ठरवलं आणि समितीच्या बैठकीत प्रमिलाने त्याला होकार दिला.

कुंडबारीत तिचा सत्कार झाला. तिचे वडील दाज्या रहासे, सगळ्या परिसराचे रहासे गुरुजी, त्या दिवशी बोलायला उभे राहिले. आपल्या डोंगराबद्दल सरकारदरबारी काय काय लिहिलं जातं ते त्यांनी सांगितलं. कुपोषण, सिकलसेल, दारू, शाळेतली गळती. मग म्हणाले, की आपल्याबद्दल चांगलं काही लिहिलेलं मी या वयात पहिल्यांदा वाचतोय आणि ते माझ्या मुलीने लिहिलंय. समोर बसलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची त्यांनी एकेक करून नावं घेतली, बापाच्या नावासकट. एकही चुकलं नाही. प्रमिलाने ते फोनवर चित्रित करून केळुसकरांना पाठवलं.

दीड वर्षाने तिचा मोठा भाऊ सायसिंग याचा फोन आला. तो घरची शेती पाहायचा आणि सहसा स्वतःहून फोन करत नसे. बाबांचं काहीतरी बिनसलंय, असं तो म्हणाला. पाण्याचा तांब्या समोर असून त्यांना दिसत नाही. सदऱ्यात हात घालताना बाही सापडत नाही. परवा शेताच्या बांधावरून पाय घसरून पडले. मोतीबिंदू काढून झाला, चष्मा दोनदा बदलला, फरक नाही.

प्रमिला गेली. वडील अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी तिच्या आवाजावरून तिला ओळखलं आणि गेल्या खेपेला अर्धवट राहिलेली चर्चा जिथे थांबली होती तिथूनच सुरू केली. तिने त्यांची चाचणी घेतली, सहज बोलल्यासारखी. शब्दांची यादी, गोष्ट, आजची तारीख, मागच्या आठवड्यातला बाजार. सगळं चोख. तिचा जीव भांड्यात पडला. ती सायसिंगला म्हणाली, की डोक्याला काही झालेलं नाही, मानेच्या मणक्याचा त्रास असेल, चालायचा व्यायाम करू द्या.

सायसिंगचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, "प्रमिला, त्यांच्या बोलण्याकडे नको बघू. त्यांच्या हातांकडे बघ."

तिने पाहिलं होतं. जेवताना भाकरी ताटाच्या बाहेर जमिनीवर चाचपणारे हात तिने पाहिले होते. पण अल्झायमरमध्ये माणूस विसरतो आणि बाबा विसरत नव्हते. शिवाय हा आजार तिच्या माणसांना होत नव्हता. या दोन गोष्टी तिला इतक्या पक्क्या ठाऊक होत्या, की डोळ्यांना दिसलेलं मनापर्यंत पोचलंच नाही. ती पुण्याला परतली.

त्या हिवाळ्यात गुरुजी हरवले. आठवडी बाजाराची वाट, साठ वर्षं तुडवलेली. दुपारी निघाले ते संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत. माणसं शोधायला गेली तेव्हा वाटेपासून थोड्याच अंतरावर, एका सागाच्या बुंध्याला धरून बसलेले सापडले. पाय खरचटले होते. घाबरलेले नव्हते, पण लाजले होते.

प्रमिला दुसऱ्या दिवशी पोचली. वडिलांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला जवळ बसवलं. आपल्या बोलीतच ते बोलले.

"मला सगळं आठवतं गं. ती वाट, तिच्यावरचे दगड, कुठे वळायचं ते. पण समोर बघितलं की ती वाट तिथे नसते. तुकडे दिसतात. झाड दिसतं, मग दगड दिसतो, पण ते एकमेकांना लागत नाहीत. हे डोळ्यांचं नाही. मी वर्षभर बघतोय. हे काय आहे, तू सांग."

तिने त्यांना पुण्याला आणलं. मेंदूची तपासणी स्वतः केळुसकरांनी केली आणि पडद्यावरची चित्रं तिला दाखवली. समुद्रघोड्याचा तो भाग स्वच्छ होता, तरुण माणसाचा असावा तसा. मात्र मेंदूचा मागचा भाग, डोळ्यांनी पाहिलेल्या तुकड्यांचं जग जिथे जुळवलं जातं तो, दूषित प्रथिनांनी भरून गेला होता.

हा अल्झायमरच होता. तिने शोधलेलं जनुक खोटं नव्हतं. आठवणींची जागा त्याने खरंच राखली होती. पण आजार थांबवला नव्हता, दुसऱ्या वाटेला लावला होता. रक्तात थोडं वाढलेलं ते प्रथिन निरुपद्रवी नव्हतं. आणि या प्रकाराचा आजार अगदी सुरुवातीला पकडणारी साधी चाचणी एकच होती. ठोकळ्याचं चित्र काढता येतं का, हे पाहणारी.

शमनीबद्दल तिने विचारलं. केळुसकरांनी नकारार्थी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी दिली असती तर, असं ते म्हणायला लागले आणि मध्येच थांबले.

वडिलांना तिने काही लपवलं नाही. त्यांनी ते शिक्षकाच्या कुतूहलाने ऐकून घेतलं, दोन-तीन ठिकाणी थांबवून पुन्हा समजावून घेतलं. मग विचारलं, की ती सुई नंदुरबारला आली होती, शहाद्याला आली होती, आपल्या डोंगरात का आली नव्हती?

"मी सांगितलं होतं, आपल्याला गरज नाही म्हणून," प्रमिला म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "मीही सभेत तेच सांगितलं होतं." आणि त्यांनी तिचा हात शोधण्यासाठी आपला हात पुढे केला. तो चुकीच्या दिशेला गेला. प्रमिलाने सरकून आपला हात त्याखाली धरला.

निबंध मागे घेण्याआधी पुरावा हवा होता. एका म्हाताऱ्याच्या तपासणीवरून समिती हलली नसती. प्रमिलाने रजा टाकली आणि पुन्हा पाडे धरले. पेन्सिलीची चाचणी तिला अजूनही अन्यायाचीच वाटत होती. पण त्याऐवजी इथल्या हातांना येणारं काहीतरी शोधायला हवं होतं, हे तिला त्या वेळी सुचलं नव्हतं. आता तिने ते शोधलं. सुपात धान्य पाखडायला लावायचं. खाट विणताना दोरीचा पुढचा फेरा कुठून घालायचा ते विचारायचं. रांगोळीसारखे मांडलेले दाणे पाहून तसेच मांडायला सांगायचं. गोष्ट घडाघडा सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या-म्हातारींचे हात इथे अडकले. सूप तिरकं व्हायचं, धान्य सांडायचं आणि ते ओशाळून हसायचे.

ती निबंध मागे घेणार असल्याची बातमी तिच्या आधी कुंडबारीत पोचली. गावसभेत सरपंच कुवरसिंग उभा राहिला. तो गुरुजींचा विद्यार्थी, प्रमिलापेक्षा थोडा मोठा. त्याने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, की आमच्याबद्दल एक चांगली गोष्ट लिहिली गेली होती. शाळेच्या भिंतीवर आम्ही ती रंगवून घेतलीय. बाहेरचा माणूस आला की पोरं वाचून दाखवतात. ती तूच लिहिलीस आणि आता तूच पुसायला आलीस. उद्या लोक म्हणतील, यांच्यात स्मरणशक्तीसुद्धा नव्हती.

गुरुजींना सायसिंगने धरून आणून पुढे बसवलं होतं. त्यांना चेहरे जुळत नव्हते, पण आवाज कळत होते. त्यांनी बसूनच बोलायला सुरुवात केली. उंबऱ्या पाड्याचा रुल्या घाटातून पडून मेला, तेव्हा दारू पिऊन पडला असं आपण म्हणालो. तो दारू पीत नव्हता. हुमलीबाई विहिरीत गेली, तेव्हा जीव दिला म्हणालो. ती सकाळी हसत पाणी आणायला गेली होती. मग ते क्षणभर थांबले.

"कुवरसिंग, तुझी आई नदीत गेली. सून लक्ष देत नाही, असं सगळं गाव म्हणालं. मीही म्हणालो. तिला पलीकडचा काठ दिसतच नसेल रे."

कुवरसिंगची बायको बायकांमध्ये मागे बसली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि उठून निघून गेली. कुवरसिंग उभाच राहिला. सभा तशीच संपली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वडिलांना तपासणीसाठी आणून प्रमिलाच्या समोर बसवलं. तिच्याशी मात्र तो एक शब्दही बोलला नाही आणि पुढेही कधी मोकळेपणाने बोलला नाही.

गुरुजींना शेवटी गिळता येईना. आजार मेंदूच्या मागच्या भागातून पुढे सरकत गेला होता. छातीत कफ भरला, तेव्हा त्यांना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवलं. प्रमिला सोबत होती. आवाज जायच्या आदल्या दिवसापर्यंत ते तिला तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते. ती स्वतः विसरून गेलेल्या गोष्टी. पहिलीत असताना ती शाळेतून पळून घरी आली होती आणि वडीलच गुरुजी असल्यामुळे घरी येऊन उपयोग नाही, हे कळल्यावर कशी रडली होती, ते त्यांना तिच्या फ्रॉकच्या रंगासकट आठवत होतं. ती ऐकत होती. काहीही न विसरता माणूस असा तुकड्यातुकड्यांनी दूर जाताना बघणं सोपं आहे की अवघड, ते तिला ठरवता येत नव्हतं. त्यांना कळत होतं, एवढं मात्र नक्की होतं. अगदी शेवटपर्यंत सगळं कळत होतं.

ते गेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टर अमरीन पिंजारी मृत्यूचं कारण नोंदवायला संगणकापाशी बसल्या. आता ही नोंद यंत्राच्या मदतीने होत असे. मृताचं वय, गाव, समाज, लक्षणं भरली की यंत्र संभाव्य कारण सुचवायचं, म्हणजे डॉक्टरागणिक फरक पडू नये. यंत्राने न्यूमोनिया सुचवला. प्रमिलाने मूळ कारण म्हणून अल्झायमर लिहायला सांगितलं. पिंजारींनी लिहिलं. पडद्यावर लाल चौकट आली. या भागातल्या या समाजात हे कारण असंभाव्य आहे, नोंद तपासा.

पिंजारी ओशाळल्या. त्यांनी प्रमिलाला सांगितलं, की मागेही दोन-तीनदा मला शंका आली होती. पण यंत्र नको म्हणतं, खाली संदर्भ देतं आणि संदर्भ तुमचाच असतो. म्हणून मी न्यूमोनिया लिहून टाकला.

प्रमिला त्या लाल चौकटीकडे पाहत उभी राहिली. आधी अज्ञानामुळे पट्टा कोरा होता. आता ज्ञानामुळे कोरा राहत होता. इथे एखाद्याने खरं लिहायचं ठरवलं तरी यंत्र ते खोडत होतं आणि खोडलेल्या नोंदींवरून पुन्हा तोच नकाशा रंगवला जात होता.

"चौकट बंद करा," ती पिंजारींना म्हणाली. "आणि तेच लिहा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

निबंध मागे घेतला गेला. संस्थेत तिच्याबद्दल कुजबुज झाली, एका वर्तमानपत्राने तिच्यावर अग्रलेख लिहिला. केळुसकर तिच्या पाठीशी राहिले, पण पुढच्या प्रकल्पाचं प्रमुखपद त्यांनी दुसऱ्याला दिलं आणि तिने ते मान्य केलं. यंत्राचा नियम बदलायला समितीला बरेच महिने लागले. त्यानंतर सातपुड्याचा नकाशा रंगू लागला, आधी फिका, मग गडद. वर्षभरात तो पुण्याइतका जांभळा झाला. आजार वाढला नव्हता, फक्त दिसू लागला होता.

शमनीची गाडी कुंडबारीला पोचली तेव्हा प्रमिला तिच्याबरोबर होती. शाळेच्या भिंतीवरचा मजकूर कोणीतरी चुना लावून पुसला होता. व्हरांड्यात रांग लागली. पन्नाशी ओलांडलेल्या सायसिंगच्या रक्तात ते प्रथिन वाढलेलं निघालं होतं, पण पेशी अजून शाबूत होत्या. त्याला वेळेवर मिळत होती. परिचारिकेने सुई टोचली. त्याने दंडावर कापूस दाबून धरला आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला विचारलं, "बाबांना त्या वर्षी ही मिळाली असती, तर?"

नक्की सांगता येत नाही, असं उत्तर होतं. शास्त्रीय दृष्ट्या ते चूक नव्हतं आणि प्रमिलाने ते आतापर्यंत अनेकांना दिलं होतं. भाऊ तिच्याकडे पाहत होता. तो रागावलेला नव्हता. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"आज ते इथे रांगेत पोरांना दटावत उभे असते," ती म्हणाली.

सायसिंगने मान हलवली. मग उठला आणि पुढच्या म्हातारीला हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन आला.